रिकामा रकाना

हलमध्ये डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
हंबरवरून वारा येतो, ओल्या दोरखंडांचा वास घेऊन.
मी इस्पितळाच्या तळघरात
एकोणचाळीस हजार पदार्थांना एकच प्रश्न
वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत बसलेली:
ग्लुटेन नाही आणि दूध नाही
आणि (मऊ किंवा पातळ).

कंसांची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली.
ते विसरले, तर जे जे पातळ
ते ते सगळं निघालं चौथ्या वॉर्डाकडे,
दुधासकट, सायीसकट.
मॉरीन थॅक्रे दारात ट्रॉली अडवून उभी.
बावीस वर्षं झाली तिला या स्वयंपाकघरात.
म्हणाली, लव्ह, हे कस्टर्ड आहे.

मी तिला समजावत राहिले:
'आणि'ची पकड घट्ट, 'किंवा'ची सैल,
घट्ट पकडीचे शब्द आधी एकमेकांना बिलगतात,
उरलेला बाहेर एकटा पडतो
आणि वाट्टेल ते आत घेतो.
तिने ऐकलं, टोपीत केस खोचले,
आणि कस्टर्ड परत पातेल्यात ओतलं.

माझ्या घरी 'पोहे की उपमा?' विचारायचे,
तेव्हा एक म्हटलं तरी दोन बशा यायच्या.
ते 'की' मी इथे अजून कुणाला शिकवू शकलेले नाही.

मग तो मंगळवार.
मुलांच्या वॉर्डात झुझा विल्क, वय दहा,
शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजतो.
मी लिहिलं: शेंगदाणे नाहीत.
दोनशे बारा पदार्थ आले.
यादीत सातवं, चिकन साते.

पुरवठादाराने रकाना भरलाच नव्हता.
हो लिहिलं नव्हतं, नाहीही लिहिलं नव्हतं,
आणि यंत्राने ती कोरी जागा पाहून म्हटलं, जा.
सातेचं निदान नाव तरी ओरडत होतं.
त्याच्या खाली ओटची साधी बिस्किटं होती,
गप्प.

मॉरीनने ग्रिम्सबीला फोन लावला, स्पीकरवर.
पलीकडचा माणूस काहीतरी चावत होता.
म्हणाला, नसतील हो त्यात दाणे.

नसतील.
तो बोलला इंग्रजीत, मला ऐकू आलं मराठीत.
आमटीत हिंग नाही.
मला भात नको.
चतुर्थीला कांदा खाऊ नये.
हा साबुदाणा नव्हे, बार्ली आहे.
एवढे नकार मी लहानपणापासून वापरत आले
आणि यंत्राला शिकवताना सगळे एका शब्दात कोंबले.
त्यात हा 'नसतील'ही शिरला,
जो नकार नाहीच मुळी,
खांदे उडवणं आहे.

मी नवी अट जोडली:
आणि रकाना भरलेला असला पाहिजे.
दोनशे बाराचे एकतीस झाले.
एकतीसही मॉरीनने छापून घेतले,
चष्मा कपाळावर, पेन्सिलीने एकेकावर बोट ठेवत,
आणि त्यातले चार तिने तरीही खोडले.
का, विचारलं, तर म्हणाली,
त्या कारखान्यात माझी बहीण होती.

झुझाला भाजलेला बटाटा गेला, वर बीन्स.
बटाटा खाल्ला, बीन्स परत आले,
ताटाच्या कडेला ओळीने मांडलेले.
एक बीन मध्येच उभा.
याचा रकाना कुठे, मॉरीनने विचारलं.
मी म्हटलं, हा 'नको'. याला नाही.

त्या दिवशी माझ्या डब्यात काकडीची कोशिंबीर होती.
झाकण उघडायच्या आधीच आठवलं, कूट.
मॉरीनने काही न बोलता दार उघडून धरलं.
मी सायकलींच्या शेडमध्ये उभ्याने जेवले,
वारा चमच्यावरचं उडवत होता,
डबा तीन पिशव्यांत बांधला,
मग आत येऊन कोपरापर्यंत हात धुतले,
दोनदा,
आणि मॉरीन म्हणाली, नखं.